आकाशपाळण्यातलं घर: ‘डिस्कव्हरी’ यानाच्या फिरत्या कड्याची १/४८ प्रतिकृती

पहिली खरेदी शेतीच्या पाइपांच्या दुकानात करायची. २५० मिमी बाहेरच्या व्यासाचा, पातळ भिंतीचा पीव्हीसी पाइप हवा, आणि तोही फक्त वीतभर. दुकानदार अख्ख्या नळीखाली बोलत नाहीत, पण मागच्या बाजूला तडकलेले, कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. मला तुकडा देणाऱ्याने विचारलं, “बोअरला का?” मी म्हटलं, “नाही, अंतराळयानाला.” त्याने पैसे घेतले नाहीत. वेड्याकडून काय घ्यायचे, असा चेहरा होता.

२५०चाच पाइप का, ते सांगतो. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८च्या चित्रपटात गुरूकडे निघालेल्या ‘डिस्कव्हरी’ यानाच्या पोटात एक भलंमोठं कडं फिरत असतं. ते फिरतं म्हणून आतल्या माणसांना वजन जाणवतं. कड्याची आतली बाजू हीच त्यांची जमीन, तिच्यावरच ती जेवतात, काम करतात, पळतात. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने हे कडं लंडनजवळच्या बोरहॅमवुडमध्ये, एमजीएमच्या स्टुडिओत खरोखर उभं केलं. बांधलं विकर्स-आर्मस्ट्राँग या अभियांत्रिकी कंपनीने, खर्च आला साडेसात लाख डॉलर. व्यास ३८ फूट आणि सगळ्यात रुंद जागी रुंदी सुमारे १० फूट. जत्रेतला आकाशपाळणा डोळ्यांपुढे आणा आणि पाळण्यांऐवजी आतल्या अंगाला टेबलखुर्च्या ठोकल्या आहेत असं समजा. तो सेट हाच होता.

आता हिशेब. १/४८ या प्रमाणात एक फूट म्हणजे पाव इंच. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांकडे असते ती तिकोनी पट्टी इथे थेट वापरता येते. ३८ फुटांचे साडेनऊ इंच, म्हणजे २४१ मिमी. १० फुटांचे अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिमी. २५० मिमी पाइपची भिंत साडेचार मिमी असली की आतला व्यास नेमका २४१. भिंतीची जाडी पाइपच्या वर्गावर ठरते, म्हणून दुकानात व्हर्निअर (जाडी मोजायची सरकती पट्टी) घेऊनच जा. आतला व्यास २३८ निघाला तरी काही बिघडत नाही, पण २३०च्या खाली गेला तर माणसं आणि खुर्च्या बेढब मोठ्या दिसू लागतात.

बाकीची मापंही एकदा कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. पाच फूट दहा इंचांचा माणूस ३७ मिमी. खुर्चीच्या बैठकीची उंची साडेनऊ मिमी, टेबलाची १५. अर्धा मिमीचा स्टायरीनचा (मॉडेलकामातलं पांढरं प्लॅस्टिक) पत्रा प्रत्यक्षात २४ मिमी जाड, म्हणजे जवळजवळ इंचभर फळी. म्हणून कपाटाची दारं अर्ध्या मिमीत केली तर ती तिजोरीची वाटतात. दारं, झाकणं, चौकटी यांना पाव मिमीचा पत्रा घ्या.

डोळा कुठे असणार?

अंतर्भागाच्या प्रतिकृतीत हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायचा असतो आणि बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी सोडवतात. मीही तेच केलं. पहिल्या खेपेला पूर्ण कडं सारख्याच निष्ठेने भरलं, चार महिने घालवले, दुसरी बाजू कायमची बंद केली आणि पाहण्यासाठी एक भोक ठेवलं. भोकातून दिसत होतं जेमतेम एक तृतीयांश. उरलेली मेहनत अंधारात गेली. शिवाय जे दिसत होतं त्यावर उजेड नीट नव्हता आणि वायर दुरुस्त करायला हात आत जात नव्हता.

या कड्याची भूमिती थोडी विचित्र आहे. आत उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून ३३ मिमीवर धरा. त्याने सरळ समोर पाहिलं तर ८३ मिमीवर, म्हणजे वर्तुळात साधारण ४३ अंश पुढे, जमीनच त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहते. क्षितिज नाहीच. समोरचं टेबल त्याच्याकडे कललेलं दिसतं आणि त्यापलीकडचं डोक्यावर जातं. चित्रपटातली गंमत ह्याच दृश्यात आहे. बाजूने, कापलेल्या फळासारखं पाहिलं तर ती हरवते. तेव्हा समोर दिसतं ते बाहुलीघर, फक्त गोल.

म्हणून मी आता दोन्ही सोयी ठेवतो. पलीकडची बाजूची भिंत कायमची, भरगच्च. अलीकडची भिंत ३ मिमी पारदर्शक ॲक्रिलिकची आणि चार छोट्या स्क्रूंनी काढता येण्यासारखी. शिवाय कायमच्या भिंतीत, जमिनीपासून ३३ मिमीवर, १० मिमीचं एक भोक. त्यातून मोबाइलला जोडायचा ८ मिमीचा एंडोस्कोप कॅमेरा आत जातो. नळ तुंबला की प्लंबर वापरतात तोच हा. त्याच्यासोबत ४५ अंशाचा इवलासा आरसा येतो, तो टोकाला लावला की कॅमेरा वर्तुळाच्या दिशेने पाहतो. भोकाच्या दोन्ही हातांना ६० अंशांपर्यंत जे येतं त्यावर जीव ओता. त्यापलीकडे आकार आणि सावली पुरते, बटणं मोजत बसू नका.

७५७ मिलिमीटरची गल्ली

पाइपला हात लावण्याआधी कागद. आतल्या वर्तुळाचा परीघ ७५७ मिमी. तेवढी लांब आणि ६३.५ मिमी रुंद कागदी पट्टी कापा, तिचे ३६ सारखे भाग पाडा. प्रत्येक भाग २१ मिमीचा आणि १० अंशांचा. ही पट्टी म्हणजे एक गल्लीच समजा, दोन्ही बाजूंना घरं आणि मधून रस्ता.

कुठे काय आहे, यासाठी चित्रपटच पाहायचा. फ्रँक पूल हा अंतराळवीर हवेत ठोसे मारत कड्यातून धावतो, ते दृश्य थांबवत थांबवत पाहा आणि त्याच्या वाटेवर जे जे येतं ते क्रमाने पट्टीवर लिहा. थंड निद्रेत ठेवलेल्या तिघांच्या पेट्या, संगणकाचे पटल, जेवणाचं टेबल, अन्नाचं यंत्र, पडून राहायचा पलंग. दुसरं उपयोगी दृश्य शिडीचं. डेव्हिड बोमन कड्याच्या मध्यावरून शिडीने खाली येतो, तेव्हा पूल समोर उलटा बसून जेवत असतो. चित्रीकरणात पूलचं काम करणाऱ्या गॅरी लॉकवुडला खरोखरच खुर्चीला बांधून उलटं टांगलं होतं. हे दृश्य पाहिल्यावर शिडी आणि टेबल व्यासाच्या दोन टोकांना येतात, हे कळतं.

अंतर कसं मोजायचं? माणूसच पट्टी. चित्र थांबवा, त्या जागी उभ्या असलेल्या माणसाची उंची पडद्यावर मोजा, शेजारच्या वस्तूची मोजा आणि त्रैराशिक मांडा. दोन-तीन वेगळ्या चौकटींतून मोजून सरासरी घ्या, कारण रुंद कोनाची भिंगं कडेच्या वस्तू ताणतात. इथे मिलिमीटरवर भांडण नको.

मूळ सेटच्या जमिनीतली एक खूण मात्र सोडू नका. कॅमेऱ्याची गाडी आत ठेवून सेट फिरवता यावा म्हणून जमिनीच्या मधोमध एक खाच होती आणि ती रबरी पट्ट्यांनी झाकलेली होती. कॅमेरा धरणारं पोलादी पातं खाचेतून पुढे सरकलं की पट्ट्या मागे आपोआप मिटत. प्रतिकृतीत गल्लीच्या मधोमध टोकदार पेन्सिलने ओढलेली एक रेघ एवढंच. ती असली की नजर पुढे पळते.

कडं कापणं आणि अस्तर

पाइपवर सरळ रेघ मारायची प्लंबरची युक्ती: जाड कागदाची सरळ पट्टी पाइपभोवती घट्ट गुंडाळा, कडा एकमेकींवर बरोबर बसल्या की त्या कडेने मार्कर फिरवा. रेघ आपोआप काटकोनात येते. दोन रेघांमध्ये ७० मिमी ठेवा, बाजूच्या भिंतींच्या जाडीसाठी आणि घासण्यासाठी ती जागा लागते. हॅक्सॉने कापताना एका जागी आरपार न जाता पाइप फिरवत फिरवत, खाच खोल करत जा.

करवतीची कड कधीच सरळ येत नाही. कडप्प्याच्या फरशीवर किंवा जाड काचेवर ८० नंबरचा सँडपेपर चिकटवा, पाणी शिंपडा आणि कडं त्यावर आठच्या आकड्यात फिरवा. पाणी हौसेसाठी नाही, पीव्हीसीची भुकटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून आहे. मास्क तरीही लावाच.

आतल्या अंगाला अर्धा मिमी स्टायरीनचं अस्तर द्यायचं. हिशेबाने त्याची लांबी ७५५ मिमीच्या आसपास येते, पण दोन मिमी जास्त ठेवून कापा. पट्टी आधी हातभर बाटलीवर गुंडाळून गरम पाण्यात बुडवा म्हणजे तिला वाक येतो. मग कड्यात बसवा, टोकं एकमेकांना भिडून फुगवटा राहील तेवढंच टोक घासा, पुन्हा बसवा. एक वेळ अशी येते की पट्टी ‘टक्’ करून स्वतःच्या ताणाने बसते. तिथे थांबा. सांधा नेहमी त्या जागी घ्या जिथे वर पेटी किंवा कपाट येणार आहे.

चिकटवायला काय? स्टायरीनला स्टायरीन जोडायचं तर प्लॅस्टिकच्या मॉडेल-किटांसोबत येतं ते पातळ सिमेंट उत्तम. पण ते पीव्हीसी पाइपला धरत नाही. तिथे दोन नळ्यांचं ॲराल्डाइट. पारदर्शक ॲक्रिलिकजवळ फेविक्विक आणूच नका, तासाभरात काचेवर पांढरा धूर बसतो आणि तो जात नाही. तिथे साधं फेविकॉल, थोडा वेळ जास्त, पण स्वच्छ. मॉडेल बनवणारी मुलं ॲक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात. जोड झकास येतो, हे खरं. खोली बंद असेल तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका, ते यकृताला घातक आहे.

बाजूच्या भिंती म्हणजे २४१ मिमी व्यासाच्या दोन चकत्या. हाताने कापू नका, लेझर कटिंगवाल्याला फाइल द्या. लेझर स्वतःच्या रुंदीएवढं, साधारण ०.२ मिमी, खाऊन टाकतो, त्यामुळे घट्ट बसायला हवी असलेली चकती तेवढी मोठी काढा. भिंतीवरच्या पॅनेलच्या रेघा त्याच फाइलमध्ये कमी पॉवरने कोरून घ्या, सगळा वेळ वाचतो.

सपाट बुडाचं सामान गोल जमिनीवर

इथे बहुतेकांचं काम फसतं, म्हणून थोडं थांबतो.

निद्रेची पेटी प्रत्यक्षात दोन मीटर धरली तर प्रतिकृतीत ४२ मिमी. तिचं बूड सपाट ठेवून १२० मिमी त्रिज्येच्या जमिनीवर ठेवलं तर दोन्ही टोकं टेकतात आणि मधे १.८ मिमीची फट राहते. प्रत्यक्षातली ती नऊ सेंटिमीटरची फट झाली, मांजर शिरेल एवढी. ती पुटीने भरली तर पेटी तरंगती नाव दिसते. उलट १५ मिमीच्या टेबलाखाली फट पाव मिमीहूनही कमी पडते, ती रंगातच भरते. तेव्हा लांब वस्तूंनाच गोल बूड हवं.

ते कसं करायचं? पाइपचा उरलेला तुकडा घ्या, त्याच्या आत १२० नंबरचा सँडपेपर चिकटवा आणि वस्तूचं बूड त्यावर पुढेमागे घासा. दोन मिनिटांत हवी ती गोलाई, तीही नेमकी त्याच त्रिज्येची. फळी वळवायचे, तापवायचे सगळे प्रयोग मी करून पाहिले आहेत. हाच सोपा.

दुसरी अडचण उभेपणाची. या गल्लीत ‘उभं’ म्हणजे केंद्राकडे. शेजारच्या दोन खुर्च्यांमध्ये २१ मिमी अंतर असेल तर त्या एकमेकींकडे १० अंश कलतात. डोळ्याने हे साधत नाही, कारण आपला मेंदू टेबलावरचा ओळंबा सोडत नाही. तात्पुरत्या एका चकतीच्या केंद्रात खिळा ठोका, त्यात फिरणारी ॲक्रिलिकची १२० मिमी पट्टी अडकवा, घड्याळाच्या काट्यासारखी. हवी तिथे काटा फिरवा, वस्तू त्याला टेकवा, चिकटवा. माणसं, खुर्च्या, शिडी, सगळं काट्याच्या आज्ञेत.

सामान बनवताना जुन्या किटांचे सुटे भाग चिकटवायचा मोह होतो. ‘डिस्कव्हरी’च्या बाहेरच्या प्रतिकृतीवर तसे भाग चिकटवलेलेही होते. आत मात्र नको. आतली घडण कोऱ्या पृष्ठभागांची, गोलसर कडांची आहे, दवाखाना आणि विमान यांच्या मधली. बटणांऐवजी चौकट, चौकटीऐवजी सावलीची रेघ. जेवणाच्या ताटाशेजारी दिसणारे काटेचमचे डेन्मार्कच्या अर्ने याकोबसनने १९५७ साली काढलेल्या घडणीचे आहेत. १/४८मध्ये ते केसाएवढे होतील, तरी ताटावर दोन चंदेरी रेघा ओढाच. कुणाला दिसणार नाहीत, पण तुम्हाला ठाऊक असेल.

उजेड आधी, रंग मागून

पांढऱ्या खोलीत रंगाचं काम उजेड करतो. त्यामुळे राखाडी प्रायमर बसला की दिवे लावा, अंधारात पाहा आणि मगच रंग ठरवा.

गणपतीच्या मखराला एलईडीची पट्टी लावलेल्या कुणालाही ही वायरिंग जमेल. १२ व्होल्टची, मीटरला ६० दिव्यांची साधी पट्टी घ्या, तिला मीटरला सुमारे ४.८ वॅट लागतात. दोन्ही बाजूंना धरून दीड मीटर लागली तर सव्वासात वॅट, म्हणजे १२ व्होल्ट एक ॲम्पिअरचा ॲडॅप्टर पुरे. थंड पांढरा रंग निवडा. पिवळसर दिवा लावला की यानाचं हॉटेल होतं. पट्टी समोरून दिसता कामा नये. जमीन आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात, ४ मिमी मागे सरकवून ती लपवा आणि पुढे दुधी ॲक्रिलिकची किंवा ट्रेसिंग पेपरच्या दोन थरांची आड द्या. एक थर दिला तर दिव्यांचे ठिपके वेगळे दिसतात.

स्टायरीनमधून उजेड आरपार येतो, हे पहिल्यांदा दिवा लावेपर्यंत कुणाला आठवत नाही. भिंतींच्या मागच्या बाजूला काळा स्प्रे, त्यावर चांदीचा, मगच जोडणी.

उजेड कमी करायचा असेल तर गोल बटणाचा स्वस्त डिमर घेऊ नका. तो दिवे भराभर चालू-बंद करून उजेड घटवतो. डोळ्याला कळत नाही, पण मोबाइलच्या व्हिडिओत काळे पट्टे धावतात. त्यापेक्षा ९ व्होल्टचा ॲडॅप्टर लावून बघा.

मूळ सेटवरचे पडदे म्हणजे मागून १६ मिमी प्रोजेक्टरने टाकलेली चित्रं होती आणि कड्यातले प्रोजेक्टर कड्यासोबत फिरत. आपल्याला त्याची गरज नाही. पडद्याची चित्रं संगणकावर स्वतः काढा, रेघा, आलेख, आकडे. लेझर प्रिंटरवर पारदर्शक ओएचपी शीटवर छापा. एकाच छपाईत काळं करडं दिसतं, म्हणून सारख्या दोन छपाया एकमेकींवर बरोबर जुळवून चिकटवा. मागे ट्रेसिंग पेपर, त्यामागे दिवा. सहा-सात मिमीच्या पडद्यावर अक्षरं वाचता येणार नाहीत, तरी ओळींची ठेवण खरी ठेवा.

मग हालचा डोळा. यानाचा संगणक हाल सगळीकडून त्याच लाल डोळ्याने बघत असतो, आणि तो चुकला तर बाकी सगळं चुकलं. ३ मिमीची लाल एलईडी लावू नका, प्रत्यक्षात ती १४ सेंटिमीटरची बशी होते. दीड मिमीची ऑप्टिकल फायबर घ्या, फायबरच्या शोभेच्या दिव्यांतली चालते. तिचं टोक तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळ धरा, स्पर्श न करता. ते वितळून मशरूमसारखं फुगतं आणि आपोआप भिंग तयार होतं. दुसऱ्या टोकाला लाल एसएमडी (बिनपायांची, चिमुकली) एलईडी आणि १२ व्होल्टसाठी २.२ किलोओहमचा रेझिस्टर. तेवढ्याने साडेचार मिलिॲम्पिअर जातात आणि डोळा जळत नाही, नुसता बघतो. जास्त उजळ केला तर सिग्नलचा दिवा होतो. सुटे इलेक्ट्रॉनिक भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात, वायरी आणि पट्ट्या पुण्यात तपकीर गल्लीत.

चार पांढरे

डबीतला शुद्ध पांढरा वापरला तर प्रतिकृती दुधात बुडवल्यासारखी दिसते, कडा हरवतात. मी चार डब्या कालवतो. पहिलीत नऊ भाग पांढरा, एक भाग फिका करडा, हा भिंतींचा. दुसरीत करडा थोडा जास्त, जमिनीसाठी. तिसरीत थेंबभर निळा, यंत्रांच्या पेट्यांना. चौथीत थेंबभर पिवळसर, गादी आणि कापडी वस्तूंना. फरक इतका कमी ठेवा की दोन डब्या शेजारी धरल्याशिवाय कळू नये.

सगळं मॅट. चमक फक्त पडदे, ताटं आणि हालचा डोळा यांना. फवारा पातळ द्या, तीन हात. जून ते सप्टेंबरमध्ये लॅकर वार्निश मारायचं टाळा. हवेतलं पाणी त्यात अडकून वर भुरकट साय येते. कोकणात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पॅनेलच्या रेघांत काळा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, घालू नका. कडक एच पेन्सिल टोकदार करून रेघेत फिरवा, बोटाने पुसा. तेलाचे ओघळ, गंज, खरचटे यांची इथे गरज नाही, हे यान नवं आणि निर्जंतुक आहे. ज्यांचा हात रणगाडे रंगवून तयार झाला आहे त्यांना हे जड जातं.

माणसं, आणि कडं फिरवणं

१/४८ प्रमाणात विमानांसोबत येणारी जमिनीवरची माणसं मिळतात. अमेरिकी ‘ओ’ मापाच्या रेल्वेची माणसंही याच प्रमाणात असतात. धावणाऱ्या पूलसाठी त्यांतला चालणारा माणूस घ्या, कोपर आणि गुडघा कापून वळवा, टोपी घासून टाका, पॅण्टची हाफपॅण्ट करा.

कडं फिरवायचं का? ज्या कादंबरीत हे यान आहे तिच्यात आर्थर सी. क्लार्कने कड्याचा व्यास ३५ फूट आणि फेरी दहा सेकंदांची दिली आहे. चंद्रावर असतं तेवढं वजन त्यातून मिळतं, असं तो लिहितो. गणित केलं तर पृथ्वीच्या साधारण एक पंचमांश येतं, चंद्राच्या किंचित वर. सेटचा जास्तीत जास्त वेग मात्र ताशी तीन मैल होता, म्हणजे एक फेरी सुमारे २७ सेकंदांची. चित्रपटासारखं हवं असेल तर २७च धरा. दहा सेकंदांत फिरवलं की प्रतिकृती खेळणं वाटायला लागते.

आस नको, मोटर नको. फळीवर सरकत्या खिडकीची चार चाकं दोन रांगांत बसवा आणि कडं त्यांवर आडवं न ठेवता उभं ठेवा, चाकावर चाक. हाताने ढकलून फिरतं. फिरताना वायर गुंडाळते, म्हणून चित्रीकरणापुरती ५ व्होल्टची एलईडी पट्टी आणि छोटी पॉवर बँक कड्याच्या मागच्या भिंतीवर लावा आणि वजन तोलायला बरोबर समोर नाणी चिकटवा. हालच्या डोळ्यालाही तेव्हा ५ व्होल्ट मिळणार, तिथे ६८० ओहमचा रेझिस्टर चालेल. तोल साधला नाही तर कडं नेहमी एकाच जागी येऊन थांबतं आणि टेबल छताला जातं.

आता पूलला धावतं करायचं. त्याच्या तळव्यांखाली ५ मिमीचं निओडिमियम चुंबक चिकटवा, वरून जमिनीचाच रंग द्या. दुसरं, मोठं चुंबक कड्याच्या बाहेर, खालच्या फळीवर, चाकांच्या मधोमध, पाइपला जेमतेम न लागेल असं. पाइप आणि अस्तर मिळून पाच मिमी होतात, तेवढ्यातून ओढ पोहोचते. गल्लीच्या मधली १० मिमीची वाट मोकळी ठेवली असेल आणि तिच्यावर गुळगुळीत पारदर्शक टेप लावली असेल तर कडं फिरतं आणि पूल जागच्या जागी राहतो. माझा पहिला पूल दुसऱ्या फेरीत पेट्यांच्या शेजारी तोंडावर आपटला, कारण रेझिनचं डोकं जड होतं. डोकं मागून कोरून पोकळ केलं, मग राहिला.

कॅमेरा दोन तऱ्हांनी लावता येतो आणि दोन्ही त्या सेटवर वापरल्या गेल्या होत्या. कॅमेरा खाली, माणसाजवळ ठेवून सेट फिरवला तर सामान मागे सरकत जातं आणि माणूस धावतोय असं दिसतं. कॅमेरा सेटलाच बांधला तर सेट स्थिर वाटतो आणि माणूस भिंतीवरून छतावर चढत जातो. दुसरी तऱ्हा एंडोस्कोपने सोपी आहे. तो भोकात घालून टेपने भिंतीला बांधा, वायर सैल सोडा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि कडं एकाच फेरीपुरतं हळू ढकला. पूलचे पाय हलत नाहीत, म्हणून कमरेखालचा भाग चौकटीबाहेर ठेवा.